डावा शाबूत, उजवा फाटका

बागकामाची हौस असलेल्या कुठल्याही घरात, गच्चीच्या जिन्याखाली किंवा खताच्या पोत्यामागे, हातमोज्यांचा एक छोटा ढीग सापडतो. नीट पाहिलं तर त्यात बहुतेक मोजे डावेच असतात. उजव्याच्या तर्जनीला किंवा अंगठ्याला भोक पडलं म्हणून तो गेला. डावा अजून चांगला दिसतो, म्हणून टाकवत नाही. जोडी स्वस्तातली असो की महागाची, नशीब तेच.

‘माल हलका होता’ असं म्हणून दुकानदारावर खापर फोडायला हरकत नाही. पण माल हलका असेल तर डावाही फाटायला हवा होता. एकाच कापडाचे, एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी विकत आणलेले दोन मोजे इतके वेगळे का झिजतात?

कारण दोन हात दोन वेगळी कामं करतात. खुरपणी करताना उजव्या मुठीत खुरपं असतं, तर्जनी त्याच्या दांड्यावर पुढे आलेली असते आणि तिचं टोक प्रत्येक वेळी मातीतून, वाळूच्या कणांतून, कुंडीच्या काठावरून घासत जातं. डावा हात तण मुठीत धरून ओढतो. गुलाब छाटताना उजव्या हातात सिकेटर आणि डाव्या हातात काटेरी फांदी. म्हणजे उजव्याच्या वाट्याला घासणं येतं आणि डाव्याच्या वाट्याला टोचणं. (डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं.) घासल्यानं पडलेलं भोक दिसतं. काट्यानं पडलेलं भोक दिसत नाही, कारण काटा निघाला की धागे पुन्हा जवळ येतात. डावा मोजा शाबूत दिसतो तो एवढ्यामुळेच. त्याच्या आतल्या हाताला विचारलं, तर उत्तर वेगळं येईल.

मोजा चांगला की वाईट या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कशाविरुद्ध चांगला, ते आधी ठरवावं लागतं. आणि एकदा ते ठरवलं, की टिकाऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. बहुतेक वेळा हाताला जो मोजा खुपतो, तोच लवकर फाटतो.

काटा आत कसा शिरतो

काट्याचं टोक केसाहून बारीक असतं. बोटानं हलकासा दाब दिला तरी तो सगळा जोर त्या एवढ्याशा जागेवर एकवटतो. विणलेल्या कापडात धाग्याशेजारी फट असतेच. काट्याला धागा तोडावा लागत नाही, तो बाजूला सारला की झालं. त्यामुळे विणलेला मोजा कितीही मजबूत धाग्याचा असला, तरी काट्यापुढे त्याचा फारसा इलाज चालत नाही. ‘कापले जात नाहीत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांनाही हेच लागू आहे. त्यांतले धागे पात्यानं सहज तुटत नाहीत, पण काट्याला ते बाजूला सारता येतात.

विणलेल्या मोज्याच्या तळव्यावर रबराचा मुलामा दिला की परिस्थिती थोडी सुधारते. रबर धाग्यांना एकमेकांशी जखडून ठेवतं आणि फट सहजी उघडत नाही. चामड्याची मात्र जातच वेगळी. कातड्यात कोलॅजनचे तंतू वर-खाली, आडवे-तिडवे, एकमेकांत गुरफटलेले असतात, काथ्याच्या गादीत काथ्या दाबून बसवलेला असतो तसे. टोक कुठूनही घुसवा, पुढे कुठला तरी तंतू आडवा येतोच आणि त्याला बाजूला सरकायला जागा नसते. गुलाबप्रेमी माणसं शेवटी चामड्याकडे वळतात ती याच कारणानं.

काट्याकाट्यांतही फरक आहे. गुलाबाचा काटा हा खोडाच्या सालीचाच उंचवटा. बोटानं आडवा रेटला की तो बुडापासून मोडतो. म्हणूनच तो हातात मोडून राहतो आणि मग सुईनं कोरत बसावं लागतं. बोगनवेलीचा आणि लिंबाचा काटा पानाच्या बगलेतून येतो. ती रूप बदललेली फांदीच असते, आतून लाकडाशी जोडलेली. तो मोडत नाही, मोज्याला मोडतो. गुलाबासाठी बकऱ्याच्या कातड्याचे मोजे पुरतात. ते पातळ असतात, पण तंतू दाट असल्यानं वाटतात त्यापेक्षा चिवट निघतात. बोगनवेलीचा मांडव उतरवायचा असेल, तर सरळ हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगवाल्यांचे लांब बाह्यांचे चामडी मोजे आणावेत. आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात ‘दस्ताने’ म्हणून मागितले की मिळतात. दिसायला बोजड असतात, पण बोगनवेल ओरबाडते ती मनगटाच्या वर, आणि बागकामाच्या म्हणून मिळणाऱ्या फुलाफुलांच्या मोज्यांची बाही नेमकी तिथेच संपते.

टोचणं नुसतं दुखण्यापुरतं नसतं. धनुर्वाताचे जंतू मातीत सुप्तावस्थेत असतात आणि बारीक, खोल, हवा न लागणारी जखम त्यांना मानवते. काट्याची जखम अगदी तशीच. काट्यांवर आणि कुजलेल्या पाल्यात राहणारी एक बुरशीही अशाच जखमेतून शिरते आणि हातावर गाठींची रांग उठवते. तिच्या रोगाला जगभर गुलाबमाळ्यांचा रोग म्हणतात. मोजे कितीही चांगले असले, तरी धनुर्वाताची लस दर 10 वर्षांनी घेतलेली बरी.

हातोडीच्या चित्राखालचे आकडे

चांगल्या कंपनीच्या मोज्यांवर, मनगटापाशी, एका ढालीत हातोडीचं चित्र असतं आणि त्याखाली ‘4121एक्स’ अशासारखे आकडे. ही ईएन 388 या युरोपीय मानकाची खूण. ती वाचायला शिकलं, तर दुकानदाराच्या भाषणाची गरज उरत नाही.

पहिला आकडा घासण्याचा. सँडपेपरसारख्या कागदावर ठराविक दाबानं मोजा घासतात आणि किती घासण्यांनी भोक पडतं ते मोजतात. 100 घासण्या टिकला तर 1, 8,000 टिकला तर 4. दुसरा आकडा पात्यानं कापलं जाण्याचा, तिसरा फाटण्याचा. चौथा टोचण्याचा, आणि घोळ इथेच होतो. या चाचणीत साडेचार मिलिमीटर जाडीचा, टोकाशी गोलसर केलेला पोलादी खिळा मोज्यात रेटतात. तो आरपार जायला साधारण 2 किलो वजनाइतका जोर लागला तर 1, 15 किलोइतका लागला तर 4. गुलाबाच्या काट्याचं टोक त्या खिळ्यासमोर कुठल्या कुठे बारीक. म्हणजे चौथा आकडा 4 असलेला मोजाही काट्यापुढे हार खाऊ शकतो, आणि त्यात कंपनीनं फसवलं असं होत नाही. तिनं खिळ्याबद्दल सांगितलं, काट्याबद्दल नाही. शेवटच्या ‘एक्स’चा अर्थ एवढाच, की कापण्याची जी दुसरी, अधिक कडक चाचणी आहे ती या मोज्यावर घेतलेलीच नाही.

बागेसाठी यातला खरा कामाचा आकडा पहिला. तो 3 किंवा 4 असेल, तर उजव्या तर्जनीची काळजी बऱ्यापैकी मिटते. बाजारातल्या स्वस्त जोड्यांवर ही खूण नसतेच. तिथे मुलामा बोटांच्या टोकांवरून थोडा पलीकडे, नखांच्या बाजूला वळला आहे का, ते पाहावं. नुसत्या तळव्यापुरता असेल, तर टोकं लवकर उघडी पडतात.

जाडी वाढवली तर?

फाटतात ना, मग जाड घ्या, हा सल्ला सगळे देतात. त्याची किंमत हात मोजतो. रबराचा एकसंध थर दुप्पट जाड केला, तर तो वाकवायला दुप्पट नव्हे, आठपट जोर लागतो. खुरपं धरताना बोटांची सगळी पेरं वाकलेली असतात आणि हा जोर दर वेळी लावावा लागतो. अर्ध्या तासात मूठ शिणते. शिणलेली मूठ खुरपं सैल धरते, सैल धरलेलं खुरपं तळव्यात फिरतं, आणि मग फोड येतात. मोजे घालूनही फोड कसे आले, हे कोडं असं सुटतं.

यावर कारखान्यांनी काढलेली तोड साधी आहे. थर जाड करण्याऐवजी दोन पातळ थर घ्यायचे: आत बारीक विणलेलं नायलॉन, वर रबराचा पातळ पापुद्रा. विणलेल्या कापडातले धागे एकमेकांवर सरकू शकतात, त्यामुळे कापड जवळजवळ फुकटात वाकतं. पाकिटावर ‘13 गेज’ किंवा ‘15 गेज’ लिहिलेलं असतं. विणकामाच्या यंत्रात एका इंचात किती सुया बसवल्या आहेत, त्याचा हा आकडा. सुया जास्त म्हणजे वीण बारीक आणि मोजा पातळ. 7 गेजचे मोजे विटा-सिमेंट उचलायला ठीक. रोपं लावताना, बियाणं चिमटीत धरताना 13 किंवा 15 बरे. रबराचा वरचा पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत असेल, तर ओलं खुरपं कमी निसटतं. त्यातल्या बारीक खळग्यांत पाणी जिरतं आणि मधे पाण्याचा थर राहत नाही. गुळगुळीत मोज्यानं तेच खुरपं धरायला मूठ जास्त आवळावी लागते.

आता मापाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त जोड्या मापामुळे वाया जातात. बोट सैल असेल, तर टोकाशी कापडाची पिशवी उरते. ती दुमडते, माती आणि खुरप्याच्या मधे सापडते आणि तिथेच भोक पडतं. त्याच दुमडीची कड आतून बोटाला घासत राहते. उलट मोजा आखूड असेल, तर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात शिवण ताणली जाते. ती आधी काचते, मग उसवते. घरातल्या सगळ्यांसाठी मिळून पुरुषी मापाची एकच मोठी जोडी आणायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि बागेचं बरंचसं काम घरातली बाई करत असते. तिचे मोजे लवकर का फाटतात, याचं आणखी संशोधन करण्याचं कारण नाही.

चौकट: हाताचं माप

शिंप्याची टेप उजव्या तळहाताभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी गुंडाळा. जितके इंच, साधारण तितकंच मोज्याचं माप: 7 इंच आले तर 7 नंबर, 8 आले तर 8 नंबर. (178 मिलिमीटर म्हणजे 7, 203 म्हणजे 8, 229 म्हणजे 9.) दोन मापांच्या मधे असाल, तर विणलेल्या ताणाच्या मोज्यात लहान माप घ्या आणि चामड्यात मोठं. घालून मूठ वळा: बोटांच्या टोकाशी चिमटीत धरता येईल इतकं कापड उरत असेल, तर तो मोजा तुमचा नाही.

माळव्याची काळी माती

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि इथली माती कापसाची काळी माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. मे महिन्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा आणि जुलैत चपलेला चिकटणारे गोळे ही एकाच स्वभावाची दोन टोकं. कापडी मोज्याच्या विणीत ही ओली माती शिरली की तिथेच वाळते, कडक होते आणि मग प्रत्येक वळणावर धागा तिच्या कणांत घासतो. म्हणजे घासणारा कागद बाहेर नाही, मोज्यातच येऊन बसतो. पावसाळ्यात साधे सुती मोजे इथे झपाट्यानं जातात ते यामुळे.

हाताच्या कातडीवरही ही माती असाच हक्क सांगते. मुलतानी माती चेहऱ्यावरचं तेल शोषते म्हणून आपण ती लावतो. काळ्या मातीतले चिकण कण त्याच कुळातले. दिवसभर त्यात हात घातले तर तळव्याचं तेल जातं, बोटांच्या पेरांवर चिरा पडतात आणि संध्याकाळी लिंबू पिळताना जीव जातो. काट्याकुट्याचा संबंध नसतानाही, नुसत्या कुंड्या भरायलासुद्धा मोजे घालावेत, असं मी म्हणेन ते यासाठी.

पण संपूर्ण रबरी मोजा चढवला, तर उन्हाळ्यात हात आतून भिजतो. तळहातावर घामाच्या ग्रंथी अंगावरच्या इतर बहुतेक जागांपेक्षा दाट असतात, आणि ओलसर झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा लवकर सोलते. तळवा रबराचा आणि पाठ उघड्या विणीची, ही रचना इथल्या एप्रिल-मेसाठी योग्य. हवा कोरडी असल्यानं पाठीकडून घाम उडून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तो तसा उडत नाही. तेव्हा दोन जोड्या ठेवून आलटून-पालटून वापरणं हाच उपाय.

कापूस, खत आणि कुजणं

सुती मोज्याला मातीइतकंच खतही मानवत नाही, आणि खताशी इंदूरचं नातं जुनं आहे. 1924 साली होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. मुख्य काम कापसावरचं. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर रचून साधारण 3 महिन्यांत खत करण्याची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. 1931 साली त्यावर पुस्तक आलं. त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नसत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग ढिगात घालत. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे, आणि 2017पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या या शहरात कित्येक घरांच्या गच्चीवर खताचा पिंप आहे.

त्या पिंपात जे जिवाणू आणि बुरश्या काम करतात, त्यांचं आवडतं खाद्य सेल्युलोज. पऱ्हाटीत ते कठीण लाकडी द्रव्याशी जखडलेलं असतं. सुती धागा म्हणजे मात्र जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. खत ढवळून ओला सुती मोजा पिंपाच्या झाकणावर ठेवून दिला, की चार-आठ दिवसांत त्यावर काळे ठिपके येतात. ती खताचीच सुरुवात असते. चामड्याला कमावल्यामुळे ही खोड लागायला वेळ लागतो, पण त्याची शिवण सुती दोऱ्याची असेल, तर कातडं शाबूत राहून बोटं सुटी होतात. विकत घेताना शिवण नखानं ओढून पाहावी. दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असेल, तर बरं.

खताच्या कामाला म्हणूनच नायलॉनवर रबर असलेला, बाही थोडी लांब असलेला मोजा घ्यावा. चांगल्या चाललेल्या ढिगाच्या पोटात 60 अंशांच्या वर उष्णता असते. चामडं तिथे भिजून, तापून, वाळून कडक होतं आणि मग ते परत मऊ करणं जवळजवळ अशक्य.

चीक, खाज आणि फवारा

गाजरगवत उपटताना सुती मोजा घालणं ही अर्धवट सावधगिरी. 1955च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आज इंदूरच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. त्याच्या रसानं आणि बारीक लवेनं कित्येकांना खाज सुटते, चट्टे उठतात. सुती वीण तो रस पिते आणि तासभर हाताशी धरून ठेवते. शेर, निवडुंग, कण्हेर यांच्या चिकाचंही तेच. इथे वीण नको, रबराचा सलग पडदा हवा.

रबरात दोन मुख्य जाती: झाडाच्या चिकापासूनचं लेटेक्स आणि कारखान्यात बनलेलं नायट्राइल. लेटेक्स जास्त लवचीक आणि ओल्यात पकड चांगली. पण तेल लागलं की ते फुगतं आणि सैल पडतं, आणि काहींना त्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. कडुनिंबाचं तेल फवारणाऱ्यांनी नायट्राइलच घ्यावं. रासायनिक कीटकनाशकासाठी तर कोपराकडे जाणारा, आत कापडाचं अस्तर नसलेला नायट्राइलचा वेगळा जोड ठेवावा. अस्तरात एकदा औषध मुरलं, की ते धुऊन जात नाही, आणि तो मोजा घालणं उघड्या हातापेक्षा वाईट. हा जोड दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नये, आणि तो पारदर्शक पिशवीत नाव घालून ठेवावा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यानंच भांडी घासतं.

मग घ्यायचं काय?

कुंड्यांपुरती बाग असेल, तर तळव्यावर खरखरीत नायट्राइल असलेली 13 गेजची, मापाची जोडी पुष्कळ झाली. गुलाब असतील, तर तिच्या जोडीला चामड्याचे मोजे. पण दोन्ही हातांत चामडं घालायचा अट्टहास कशाला? छाटणीच्या वेळी डाव्या हातात चामड्याचा आणि उजव्यात नायट्राइलचा घातला, तर फांदी धरणारा हात वाचतो आणि सिकेटर धरणारा हात मोकळा राहतो. माळी हसतील, हसू द्यावं. साध्या विणलेल्या, मुलामा नसलेल्या पांढऱ्या मोज्यांना डावं-उजवं नसतं. ते दर वापराला हात बदलून घालावेत, म्हणजे झीज वाटून जाते.

काम संपल्यावर नायट्राइलचे मोजे हातातच ठेवून नळाखाली साबणानं धुवावेत, मग काढून सावलीत, बोटं खाली करून टांगावेत. उन्हात रबर चिवटपणा गमावतं. चामड्याला पाणी लागलं असेल, तर पुसून सावलीतच वाळवावं आणि अर्धवट ओलं असताना हातात घालून दोन-चारदा मूठ वळावी. वाळताना त्यातले तंतू एकमेकांना चिकटतात, आणि ही हालचाल त्यांना सुटं ठेवते.

आणि पावसाळ्यात मोजे घालण्याआधी ते उलटे धरून जोरात झटकावेत, बोटं एकेक करून दाबून पाहावीत. गच्चीवर किंवा अंगणात राहिलेल्या मोज्यात गोम शिरते, क्वचित विंचूही, आणि कुंभारीण माशीला तर मोज्याचं रिकामं बोट म्हणजे आयतंच घर.